प्रसूतिवेदना आणि निवडीचा अधिकार



प्रसूतिवेदना हा विषय मी व्याख्यानमालेच्या चालकांना कळवला, तेव्हा मिश्र सभेपुढे आणि वृद्ध मंडळींच्या उपस्थितीत हे बोलणे रुचेल काय, अशी सौम्य शंका एका ज्येष्ठ सदस्यांनी माझ्यापाशी व्यक्त केली. त्या शंकेमागच्या संकोचाचा मी आदर करते. परंतु ज्या घटनेतून या सभागृहातला प्रत्येक मनुष्य जगात आला, आणि जिच्यासंबंधीचा निर्णय आजही पुष्कळ घरांत सासऱ्याच्या संमतीने व नवऱ्याच्या सहीने होतो, ती घटना पुरुषांच्या कानांवर घालायची नाही, तर कोणाच्या घालायची? मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. माझे अर्धे आयुष्य याच शहरातल्या शस्त्रक्रियागृहांत आणि प्रसूतिकक्षांत रुग्णाच्या उशापाशी उभे राहण्यात गेले. तेथून जे दिसले ते आज आपल्यापुढे ठेवायचे आहे.

प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. बाळंतपणाच्या कळा औषधाने शमवाव्यात, की औषधावाचून सोसाव्यात? एक पक्ष म्हणतो की वेदना शमवण्याचे साधन हाताशी असताना ती सोसायला लावणे हे क्रौर्य होय. दुसरा पक्ष म्हणतो की प्रसूती हा आजार नव्हे, शरीराचा स्वाभाविक व्यापार आहे, आणि त्यात औषधाचा हात शिरला की एकामागून एक हस्तक्षेप ओढवतात. दोन्ही पक्षांत विचारी माणसे आहेत आणि दोहोंच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. माझे मत मी आरंभीच सांगते. औषध घ्यावे की न घ्यावे हा निर्णय त्या स्त्रीचा. परंतु तो निर्णय तिला खरोखर करता यावा, यासाठी दोन्ही वाटांवर एकच गोष्ट लागते, ती म्हणजे अथपासून इतिपर्यंत तिच्याजवळ राहणारे जाणते माणूस. ते नसेल तर औषधाची वाटही धोक्याची आणि औषधावाचूनची वाटही निर्दय. आणि आपल्या या तेलंगणात ते माणूस दुर्मीळ झाल्यामुळे, दोन्ही वाटा सोडून तिसऱ्याच वाटेने, म्हणजे पोट चिरून, बहुसंख्य मुले जन्माला येत आहेत.

आपले हे हैदराबाद शहर या प्रश्नाशी फार जुन्या नात्याने बांधलेले आहे. सर रोनाल्ड रॉस यांनी 1897 साली हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात पाहिला तो सिकंदराबादेत, ही गोष्ट शाळकरी मुलांना ठाऊक असते. परंतु त्याच्या आधी आठ-नऊ वर्षे, बेशुद्ध करणारे औषध माणसाला कसे मारते या प्रश्नावर साऱ्या वैद्यकविश्वाचे डोळे हैदराबादेकडे लागले होते, ही गोष्ट आपण जवळजवळ विसरलो आहोत.

हकीकत अशी. एडिंबरोचे प्रसूतिशास्त्रज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांनी 1847 च्या जानेवारीत एका अडलेल्या बाईला ईथर देऊन तिची सुटका केली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म उपयोगात आणला. म्हणजे शस्त्रक्रियेतील भूल आणि बाळंतपणातील भूल या जवळजवळ जुळ्या बहिणी होत. लगेच विरोध झाला. स्त्रीने यातनेतच प्रसवावे असे बायबलाच्या आरंभीच सांगितले आहे, तेव्हा वेदना हरण करणे म्हणजे ईश्वरी आज्ञेचा भंग, असे काहींचे म्हणणे. तर वेदना ही प्रसूतीला आवश्यकच आहे, ती घालवली तर कळा थांबतील, असे काही वैद्यांचे म्हणणे. 1853 च्या एप्रिलात व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला आणि तो वाद पुष्कळसा निवला. तो देणारे डॉक्टर जॉन स्नो यांच्या पद्धतीकडे मी आपले लक्ष वेधते. त्यांनी राणीला बेशुद्ध केले नाही. रुमालावर थोडथोडे थेंब टाकून, प्रत्येक कळेबरोबर हुंगायला देऊन, त्रेपन्न मिनिटे ते तिच्याजवळ होते. औषध अल्प आणि लक्ष अखंड, ही त्यांची रीत.

परंतु सगळेच स्नो नव्हते. 1848 च्या आरंभीच न्यूकॅसलजवळ पायाच्या नखाच्या क्षुल्लक शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिलेली पंधरा वर्षांची एक मुलगी क्षणार्धात मरण पावली, आणि पुढे असे मृत्यू होतच राहिले. औषध आधी हृदय बंद पाडते की आधी श्वास? लंडनकडचे वैद्य म्हणत, हृदय. म्हणून नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोकडचे, विशेषतः तेथील शस्त्रवैद्य साइम यांच्या परंपरेतले, म्हणत, श्वास. म्हणून श्वासावर नजर ठेवा.

हैदराबादेच्या रेसिडेन्सीचे सर्जन आणि येथील वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे साइम यांच्या परंपरेतले, आणि आपल्या मताविषयी विलक्षण निःशंक. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने खर्चाची मंजुरी दिली आणि 1888 साली पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. त्याचा निष्कर्ष लॉरींच्या बाजूने पडला. ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय पत्राने शंका घेतली, तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ करून सांगितले की आपला विश्वासाचा माणूस धाडा आणि त्याच्या डोळ्यांदेखत प्रयोग पुन्हा होऊ द्या. लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ 1889 साली येथे आले. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे, ससे अशा चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. ब्रंटन येताना लंडनचे मत घेऊन आले होते. जाताना ते हैदराबादचे मत घेऊन गेले. श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. श्वासाकडे लक्ष द्या, म्हणजे क्लोरोफॉर्म निर्धोक आहे, असा फैसला जाहीर झाला.

हा फैसला खरा होता काय? निम्मा. 1911 साली डॉक्टर गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की भूल हलकी असताना, भीतीने किंवा वेदनेने शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन उसळले, तर क्लोरोफॉर्ममुळे हृदय थरथरून एकाएकी बंद पडू शकते. म्हणजे हृदयाचा धोकाही खराच होता. मात्र श्वासाकडे अखंड लक्ष ठेवण्याची जी शिस्त हैदराबादेने जगाला आग्रहाने सांगितली, ती कधीच खोटी ठरली नाही. नियम करणाऱ्याचा अतिविश्वास काळाने मोडला, पाहणाऱ्याची दक्षता तेवढी टिकली. ही गोष्ट मी आपल्या मनोरंजनासाठी सांगत नाही. आजही औषधाचे समर्थक म्हणतात ‘पूर्ण निर्धोक’, आणि विरोधक म्हणतात ‘पूर्ण अनिष्ट’. ही दोन्ही वाक्ये ऐकली की मला लॉरींच्या अहवालाची आठवण होते.

त्याच काळातील एक नाव या शहराने सोन्याच्या अक्षरांत लिहायला हवे होते. रूपाबाई फर्दूनजी. 1885 साली हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत ज्या थोड्या स्त्रिया दाखल झाल्या, त्यांतील ही पारशी तरुणी. 1889 साली तिने पदवी घेतली आणि पुढे कित्येक वर्षे येथील इस्पितळांत क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. भूल देण्याच्या शास्त्राला वाहून घेतलेली जगातील पहिली स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. रेसिडेन्सीच्या ज्या दवाखान्यात ती काम करी, त्याच जागी आज सुलतान बाजारचे सरकारी प्रसूतिगृह आहे, आणि सुलतान बाजाराच्या गल्ल्यांतून वाढलेल्या आपल्या मराठी घरांतील किती माणसे तेथे जन्मली, याची गणती कोण करील? पडद्यातल्या बाईच्या उशापाशी बसून तिचा श्वास मोजणारे माणूस स्वतःच एक स्त्री असणे, याचा अर्थ त्या काळी काय होता, ते आज कल्पनेनेच जाणावे लागते. ज्या बाईला परपुरुषाने नाडीला हात लावणेही असह्य, तिच्यासाठी वेदनाशमनाचे सारे शास्त्र असून नसल्यासारखे होते. रूपाबाई आली, तेव्हा ते तिच्यापर्यंत पोचले.

आता वेदनेविषयी दोन शब्द. प्रसूतीच्या कळा सर्वांना सारख्या नसतात, हे घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक असते. एखादी पहिलटकरीण रात्रभर कळा देऊन पहाटे हसतमुखाने बाळाला घेते, एखादी पहिल्या काही तासांतच हताश होते. दोघींत धैर्याचा फरक आहे, असे समजणे अन्यायाचे आहे. गर्भाशयाचे तोंड उघडत असताना जी वेदना उठते, ती कंबरेच्या आणि खालच्या छातीच्या मज्जातंतूंनी वाहते. बाळ खाली उतरू लागले की दुसऱ्या मज्जातंतूंची तीव्र वेदना तिला मिळते. बाळाचे डोके कसे वळले आहे, कटी किती रुंद आहे, कळा आपोआप आल्या आहेत की सलाइनमधून औषध देऊन आणलेल्या आहेत, मन भ्यालेले आहे की निश्चिंत, यांवर तिची तीव्रता ठरते. म्हणून माझी आई चार मुले औषधावाचून व्याली, मग तुला कशाला हवे, हा युक्तिवाद सासूने सुनेपुढे करू नये. आणि मी इंजेक्शन घेतले, तूही घेच, असा आग्रह मैत्रिणीनेही मैत्रिणीला करू नये.

औषधावाचूनच्या प्रसूतीचा पक्ष आधुनिक काळात ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी 1933 साली मांडला. भीतीने शरीर आखडते, आखडल्याने वेदना वाढते, वेदनेने भीती वाढते, हे चक्र त्यांनी ओळखले. पुढे पॅरिसमध्ये डॉक्टर लामाझ यांनी श्वसनाचे शिक्षण देण्याची पद्धत रूढ केली. या दोघांचे ऋण मी मानते. परंतु आपल्या देशातील ग्रंथ उघडले, तर या विचाराची मुळे फार खोल दिसतात. चरकाच्या शारीरस्थानात सूतिकागृहाचे वर्णन आहे. तेथे आसन्नप्रसवेच्या सभोवती कोण असावे? पुष्कळ वेळा प्रसवलेल्या, प्रेमळ, तिच्यावर जीव असलेल्या, कामात कुशल आणि तिचा विषाद घालवणाऱ्या स्त्रिया. त्याच ठिकाणी एक वाद नोंदला आहे. कळा सुरू झाल्यावर बाईने मुसळ घेऊन कांडावे, असे काहींचे मत होते. ग्रंथातील आचार्य आत्रेयांनी ते सपशेल नाकारले, कारण गर्भिणीला दारुण श्रम वर्ज्य, आणि त्याऐवजी तिने हिंडावे-फिरावे, जांभया द्याव्यात, असे सांगितले. केवढा विचार! कष्टाने प्रसूती सुलभ होते या समजुतीचा त्या काळीही प्रतिवाद झाला, आणि हालचालीचे महत्त्व त्या काळीही ओळखले गेले. आज शेकडो स्त्रियांवरील चाचण्यांनी दाखवले आहे की कळांच्या पहिल्या टप्प्यात उताणे निजून राहण्यापेक्षा उभे राहणे, चालणे हितकर असते. आणि तरीही आपल्या दवाखान्यांत बाई दाखल झाली की पहिला हुकूम कोणता असतो? ‘झोप, हलू नकोस.’

औषधावाचूनच्या वाटेवर जे लाभते ते थोडके नाही. मन सावध असते, शरीर मोकळे असते, बाळंतीण लवकर उठते. परंतु ती वाट रिकाम्या हाताने चालण्याची नाही. कंबर रगडणारे हात लागतात, कोमट पाणी लागते, कूस बदलायला सांगणारी, श्वास लांब घे म्हणणारी, ‘झाले, आता थोडेच राहिले’ हे खरे असेल तेव्हाच सांगणारी सोबतीण लागते. कळा देणाऱ्या स्त्रीजवळ आरंभापासून अखेरपर्यंत कोणी एकजण अखंड राहिले, तर आपोआप प्रसूती होण्याचे प्रमाण वाढते, शस्त्रक्रियांचे घटते आणि औषधाची मागणीही कमी होते, हे जगभरच्या अनेक चाचण्या एकत्र करून सिद्ध झाले आहे. हा निष्कर्ष वाचताना मला चरकाच्या सूतिकागृहातील त्या प्रेमळ स्त्रिया आठवल्यावाचून राहत नाहीत. सोबत न देता ‘निसर्गावर सोडा’ म्हणणे हा निसर्गाचा सन्मान नव्हे. तो त्या बाईचा त्याग आहे. गर्भसंस्काराच्या नावाखाली काही ठिकाणी हल्ली अशी शिकवण ऐकू येते, की औषध न घेता प्रसवणारी तीच उत्तम माता, तिचेच मूल तेजस्वी. हे ऐकून आलेल्या आणि मध्यरात्री वेदना असह्य झाल्यावर अपराधी मुद्रेने औषध मागणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. मातृत्वाची परीक्षा वेदनेच्या मापाने घेण्याचा अधिकार कोणाला कोणी दिला?

आता दुसरी वाट. औषधाच्या इतिहासात एक काळा अध्याय आहे, तो लपवू नये. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत फ्रायबुर्ग येथे मॉर्फिन आणि स्कोपोलामिन यांचे मिश्रण देऊन अर्धनिद्रेत प्रसूती करण्याची पद्धत निघाली, आणि तिचा अमेरिकेत प्रसार व्हावा म्हणून चळवळ करणाऱ्यांत स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या पुढारी महिलाही होत्या. त्यांचा हेतू शुद्ध होता. परंतु त्या औषधाने पुसली जाई ती स्मृती. वेदना कायमच राहत असे. बाई ओरडे, झटापट करी, तिला बांधून ठेवावे लागे, आणि सकाळी तिला काहीच आठवत नसे. शिवाय मूल सुस्त जन्मे. वेदनाशमनाच्या नावाखाली स्त्रीला तिच्याच प्रसूतीतून हद्दपार केले गेले. पुढे मूल जन्मल्याबरोबर त्याचा श्वास, रंग, नाडी, हालचाल व प्रतिसाद पाहून गुण देण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती 1952 साली व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी मांडली. आणि त्या स्वतः भूलतज्ज्ञ होत्या, याचा माझ्या व्यवसायाला अभिमान वाटावा. आईला दिलेल्या औषधाचा हिशेब बाळाच्या श्वासात मागणे, हे त्यांनी शिकवले.

आजचे प्रमुख साधन एपिड्युरल. कंबरेच्या मणक्यांमधून सुई घालून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत केसासारखी बारीक नळी ठेवतात आणि तीतून बधिर करणारे औषध अगदी सौम्य प्रमाणात सोडतात. दहा-वीस मिनिटांत वेदना ओसरू लागते. बाई शुद्धीवर असते, बोलते, बाळ बाहेर येताना पाहते. बाळाच्या रक्तात औषध फारच अल्प जाते. मग उणे काय? रक्तदाब उतरू शकतो, अंगाला खाज सुटते, लघवी अडते, काहींना ताप येतो, प्रसूतीचा दुसरा टप्पा लांबतो. शंभरात एखादीला नंतर काही दिवस तीव्र डोकेदुखी होते. ज्यांच्या रक्तातील प्लेटलेट फार उतरलेल्या आहेत, ज्या रक्त पातळ करणारे औषध घेतात, त्यांना एपिड्युरल देता येत नाही. मात्र एपिड्युरलमुळे सिझेरियन वाढते, हा जो समज शिक्षितांतही रुजला आहे, त्याला चाचण्यांचा आधार नाही. आणि ‘मणक्यात सुई घेतली की जन्मभर कंबर धरते’ हे वाक्य, जे आपल्या प्रत्येक बाळंतिणीला निदान एका नातलगाने ऐकवलेले असते, तेही निराधार आहे. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती ज्यांनी सुई घेतली त्यांचीही, आणि ज्यांनी घेतली नाही त्यांचीही.

काही स्त्रियांच्या बाबतीत तर वेदनाशमन ही चैन नसून चिकित्सा असते. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसलेली तरुण बाई आपल्या देशात आजही भेटते. प्रत्येक कळेसरशी तिचे हृदय धावू लागते आणि फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका उभा राहतो. रक्तदाब भयंकर वाढलेली गर्भवती तशीच. अशा स्त्रीला ‘सोसावे, बाईच्या जातीला सोसावेच लागते’ असे सांगणे केवळ निर्दयपणाचे नाही, प्राणघातक आहे.

पण एपिड्युरल म्हणजे सुई टोचली आणि काम संपले, असे नव्हे. नळी घातल्यावर रक्तदाब वारंवार पाहावा लागतो, बाळाचे ठोके ऐकावे लागतात, औषध पुरते की नाही, फार चढले की काय, हे विचारावे लागते. म्हणजे पुन्हा तेच. स्नोच्या त्रेपन्न मिनिटांचीच ही गोष्ट. जो दवाखाना रात्रीच्या वेळी भूलतज्ज्ञ ठेवू शकत नाही आणि दहा खाटांमागे एक परिचारिका ठेवतो, त्याने एपिड्युरलची जाहिरात करू नये.

आता आपल्या दारातल्या परिस्थितीकडे येऊ. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे सरकारी दप्तरात आहेत. तेलंगणात शंभरातील सुमारे एकसष्ट मुले सिझेरियनने जन्मली. साऱ्या देशाचे प्रमाण साडेएकवीस, शेजारच्या महाराष्ट्राचे सुमारे पंचवीस. तेलंगणातील सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण साडेचव्वेचाळीस, आणि खासगी दवाखान्यांत साडेएक्याऐंशी. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले, की समाजातील सिझेरियनचे प्रमाण शंभरात दहाच्या वर गेल्यावर माता व नवजातांचे मृत्यू त्यामुळे आणखी घटतात असे आढळत नाही. शस्त्रक्रिया प्राण वाचवते, हे मी नाकारीन कशी? तिच्यासाठी भूल देण्यातच माझी हयात गेली. या राज्यात बहुतेक सगळी बाळंतपणे आता दवाखान्यांत होतात, आणि 2018 ते 2020 या काळात देशात लाख जन्मांमागे सत्त्याण्णव माता दगावत असता तेलंगणात त्रेचाळीस दगावल्या. त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु शंभरातल्या एकसष्ट जणींना शस्त्राची गरज होती, हे कोणी शपथेवर सांगेल काय?

कारणे अनेक आहेत. मुहूर्त पाहून तारीख ठरवणारी कुटुंबे आहेत. वेळ आणि पैसा यांचा हिशेब आहे. एकदा सिझेरियन झाले की पुन्हा तेच करण्याची प्रथा आहे. परंतु मी माझ्या जागेवरून जे पाहिले ते एक कारण या यादीत सहसा लिहिले जात नाही, ते म्हणजे भीती. रात्री दीडच्या सुमारास, गर्भाशयाचे तोंड चार-पाच बोटे उघडलेले, बाळाचे ठोके उत्तम, सर्व काही ठीक. आणि मुलगी हात जोडून म्हणते, ‘मॅडम, ऑपरेशन करून टाका.’ तिच्याजवळ कोणी नाही. आईला बाहेरच्या बाकावर बसवले आहे. परिचारिका तीन खाटांमध्ये धावते आहे, आणि कोणी तरी तिला ओरडू नकोस म्हणून खडसावलेही आहे. कळा शमवण्याचे औषध आहे, हे तिला कोणी सांगितलेले नाही; सांगितले तरी ते देणारे त्या रात्री उपलब्ध नाही. तिने ऑपरेशन निवडले, असे कागदावर लिहिले जाते. ही निवड आहे काय? दोन्ही वाटा बंद करून तिसरी उघडी ठेवली, तर तिकडे जाणाऱ्याने ती निवडली असे म्हणता येईल काय?

आणि पहिल्या खेपेच्या या शस्त्राची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला द्यावी लागते. गर्भाशयावरच्या जुन्या व्रणात वार रुतून बसते, सुटत नाही, आणि रक्तस्राव आवरेनासा होतो. अशा शस्त्रक्रियेच्या वेळी रक्ताच्या पिशव्या मागवत उभे राहणे काय असते, ते माझ्या व्यवसायबंधूंना विचारा.

सुदैवाने याच शहरातून एक वेगळी हाकही उठली आहे. 1948 साली बोगुलकुंट्यात स्थापन झालेल्या फर्नांडिस इस्पितळाने डॉ. एविटा फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली 2011 पासून प्रसाविकांचे रीतसर शिक्षण सुरू केले, आणि 2017 साली तेलंगण सरकारने युनिसेफच्या साहाय्याने सरकारी दवाखान्यांतील निवडक परिचारिकांना अठरा महिन्यांचे तसे शिक्षण देण्याची तजवीज केली. 2018 साली केंद्र सरकारनेही प्रसाविकांच्या सेवेसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ही प्रसाविका म्हणजे आपली जुनी सुईण नव्हे, आणि डॉक्टरची हस्तकही नव्हे. निरोगी गर्भवतीची प्रसूती स्वतःच्या जबाबदारीवर करणारी, धोका दिसताच डॉक्टरला बोलावणारी आणि मुख्य म्हणजे खाटेपासून न हलणारी ती शास्त्रशिक्षित स्त्री आहे. आपल्या गावोगावच्या सुईणीपाशी सोबत होती, पण शास्त्र नव्हते, म्हणून बाळंतपणाच्या तापाने आणि धनुर्वाताने घरे उजाड झाली. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल दहाच दिवस जगले. 1886 साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला, यामागची व्यथा मला नेहमी जाणवते. आपण दवाखाने उभारले, शास्त्र आणले, आणि त्या भरात सोबत दाराबाहेरच्या बाकावर बसवली. ती पुन्हा आत आणायची आहे. प्रसूतीच्या वेळी जवळचे एक माणूस बरोबर असू द्यावे, हे केंद्र सरकारचे धोरण आता झालेच आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे, पडद्यांचा आहे, जागेचा आहे, आणि पुष्कळ अंशी आम्हा डॉक्टरांच्या सवयीचा आहे.

तेव्हा करायचे काय? सातव्या महिन्याच्या तपासणीला जाताना गर्भवतीने आणि तिच्या नवऱ्याने डॉक्टरांना काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. कळांच्या वेळी माझ्याजवळ माझे माणूस राहू द्याल का? मला चालू-फिरू द्याल का? रात्री दोन वाजता मी वेदनाशमन मागितले, तर ते देणारे कोणी हजर असेल का? मागच्या वर्षी तुमच्याकडे शंभर पहिलटकरणींतील किती जणींची शस्त्रक्रिया झाली? हे विचारल्याने डॉक्टर रागावतील, अशी भीती बाळगू नका. जो रागावेल, त्याच्याकडे बाळंतपणाला जाण्याचे कारण नाही. आणि जे ठरेल ते दगडावरची रेघ समजू नये. औषध नको म्हणून ठरवलेल्या बाईने पहाटे ते मागितले, तर तिला तिच्या आधीच्या शब्दांची आठवण करून देऊ नये. एपिड्युरल घेईन म्हणालेली वेळेवर म्हणाली की मला जमते आहे, तर तिला तसेच चालू द्यावे. प्रसूतीच्या त्या दहा-बारा तासांत मत बदलणे हा तिचा हक्क आहे.

आणि या सभागृहात वजनदार मंडळी बसलेली आहेत, शिक्षणसंस्थांचे चालक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, वृत्तपत्रांत लिहिणारे आहेत. त्यांना माझी विनंती अशी, की नव्या इमारतीसाठी, नव्या यंत्रासाठी जशी शिष्टमंडळे नेली जातात, तसे एक शिष्टमंडळ सरकारी प्रसूतिगृहांतील रात्रपाळीच्या जागांसाठी न्यावे. प्रत्येक मोठ्या प्रसूतिगृहात रात्री एक भूलतज्ज्ञ केवळ प्रसूतिकक्षासाठी आणि कळा देणाऱ्या प्रत्येक बाईमागे एक प्रसाविका, एवढ्याच जागा. त्यांना मंजुरी मिळाली, तर त्यांवर काम करायला शिकलेल्या मुली याच शहरात तयार आहेत.

अध्यक्षांच्या परवानगीने उरलेला वेळ मी प्रश्नांसाठी ठेवते. सभेत गर्भवती भगिनी बसलेल्या मला दिसत आहेत. त्यांना आधी विचारू द्यावे.